काशीचा ग्रंथ, मुंबईचा कायदा
नीलकंठभट्टांचा ‘व्यवहारमयूख’ आणि तीन शतकांचा न्यायप्रवास

वाराणसीत पंचगंगा घाटाला लागून उत्तरेकडे दुर्गाघाट आहे आणि त्यापलीकडे ब्रह्माघाट. अठराव्या शतकात पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर यांनी दुर्गाघाटाची बांधणी केली आणि या परिसरात मराठी कुटुंबांची वस्ती दाट होत गेली. वेदपाठी, याज्ञिक, सरदारांचे कारकून, काशीवासासाठी आलेल्या विधवा, पुढे पेन्शनीवर आलेले राजघराण्यातील पुरुष असा तो समाज होता. त्याने स्वयंपाक, सण आणि भाषा आपल्याबरोबर आणली, हे सहज लक्षात येते. त्याने आपला कायदाही बरोबर आणला होता, याचा मात्र आज विसर पडला आहे.

इंग्रजी अमदानीतील न्यायालयांनी एक तत्त्व मान्य केले होते. हिंदू कुटुंब एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात स्थायिक झाले, तर ते आपला वैयक्तिक कायदा सोबत घेऊन आले असेच गृहीत धरायचे. नव्या प्रांताचा कायदा त्याने स्वीकारला आहे, असे म्हणणाऱ्याने ते सिद्ध करायचे. या तत्त्वानुसार दुर्गाघाटावरील निपुत्रिक मराठी विधवा आणि तिच्या शेजारच्या गल्लीतील स्थानिक विधवा यांच्या हक्कांत जमीन-अस्मानाचे अंतर पडू शकत होते. बनारस संप्रदायाच्या कायद्यानुसार पतीने अधिकार दिला नसेल तर विधवेला दत्तक घेता येत नसे. महाराष्ट्रातून आलेल्या विधवेला तो घेता येत असे. आणि या फरकाचे शास्त्रीय समर्थन ज्या ग्रंथात होते, तो ग्रंथ याच शहरात, एका मराठी पंडिताने सतराव्या शतकात लिहिला होता. त्याचे नाव नीलकंठभट्ट.

पैठणहून काशीकडे

नीलकंठभट्टांचे घराणे मूळचे पैठणचे. देशस्थ ऋग्वेदी, विश्वामित्र गोत्राचे. खापरपणजोबांचे नाव गोविंद. आजोबांचे वडील रामेश्वरभट्ट हे पैठण सोडून दक्षिणेत विजयनगर, पश्चिमेला द्वारका असा प्रवास करीत अखेर काशीत स्थिरावले, असे घराण्याची परंपरा सांगते. १५१३ मध्ये जन्मलेले त्यांचे पुत्र नारायणभट्ट यांनी या घराण्याला काशीच्या पंडितसभेत अग्रमान मिळवून दिला. काशी, प्रयाग व गया या तीर्थांवरील ‘त्रिस्थलीसेतु’ आणि संस्कारविधींवरील ‘प्रयोगरत्न’ हे त्यांचे ग्रंथ देशभर प्रमाण मानले गेले. अकबराच्या काळात राजा तोडरमलाच्या साहाय्याने विश्वेश्वराचे देवालय पुन्हा उभे राहिले, त्याच्याशीही नारायणभट्टांचे नाव जोडलेले आहे.

नारायणभट्टांचे पुत्र रामकृष्ण, शंकर आणि गोविंद. रामकृष्णांच्या मुलांपैकी कमलाकरभट्टांनी १६१२ मध्ये ‘निर्णयसिंधु’ पुरा केला. महाराष्ट्रात व्रत, तिथी, श्राद्ध यांचा निर्णय करताना आजही पुरोहित त्याचा आधार घेतात. दुसरे पुत्र दिनकर यांचे चिरंजीव विश्वेश्वर, म्हणजेच गागाभट्ट, यांनी १६७४ मध्ये रायगडावर शिवाजी महाराजांना राज्याभिषेक केला. शंकरभट्ट हे मीमांसेचे मोठे अभ्यासक. त्यांनी स्वतः आपल्या वंशाचा इतिहास लिहून ठेवला. त्यांच्या चार पुत्रांपैकी नीलकंठ हे सर्वांत धाकटे.

अशा घरात जन्मलेल्या माणसाला विद्या वारशानेच मिळते, पण त्याबरोबर दबावही येतो. चुलतभाऊ कमलाकर हे त्याच काळात, त्याच शहरात, त्याच विषयांवर लिहीत होते आणि अनेक मुद्द्यांवर दोघांची मते जुळत नव्हती. वडिलांचे मत नीलकंठ आदराने नोंदवतात, मात्र निर्णयाला आधार मागतात तो मीमांसेच्या युक्तिवादाचा. त्यांचा लेखनकाल साधारण १६१० ते १६४५ असा धरला जातो. जहांगीर आणि शाहजहान यांच्या राजवटीचा हा काळ. मोठे फौजदारी अधिकार मोगल अंमलदारांकडे होते. हिंदूंचे वारसा, दत्तक, विभागणी यांसारखे प्रश्न मात्र बहुतांशी जात, पंचायत आणि पंडितसभा यांच्याकडे येत. दख्खनमधील जातींच्या तंट्यांवर काशीच्या पंडितांनी विश्वेश्वराच्या मुक्तिमंडपात जमून, सह्यांनिशी निर्णयपत्रे दिल्याची उदाहरणे सोळाव्या-सतराव्या शतकांतली आहेत. महाराष्ट्रापासून हजार किलोमीटरहून अधिक दूर असलेले हे शहर एका अर्थाने मराठी समाजाचे अपिलाचे ठिकाण बनले होते.

बारा किरणांचा सूर्य

यमुना आणि चंबळ यांच्या संगमाजवळ भरेह येथे सेंगर रजपुतांचे छोटे राज्य होते. तेथील राजा भगवंतदेव हा नीलकंठभट्टांचा आश्रयदाता. त्याच्या नावाने नीलकंठांनी ‘भगवंतभास्कर’ हा धर्मशास्त्राचा महाग्रंथ रचला. भास्कर म्हणजे सूर्य. म्हणून त्याच्या बारा भागांना मयूख, म्हणजे किरण, असे नाव दिले. संस्कार, आचार, काल, श्राद्ध, नीति, व्यवहार, दान, उत्सर्ग, प्रतिष्ठा, प्रायश्चित्त, शुद्धी आणि शांती असे हे बारा विषय. त्यांतील ‘व्यवहारमयूख’ हा न्यायदानाचा भाग. न्यायसभा, फिर्याद, साक्षीदार, लेख, भोगवटा आणि दिव्य यांपासून सुरुवात करून तो वारसा, ऋण, ठेव, भागीदारी, सीमातंटे अशा वादविषयांकडे जातो.

भरेहच्या राजाने या ग्रंथानुसार किती निवाडे केले असतील कोण जाणे. पण त्या राज्याच्या सीमेपलीकडे ग्रंथाचे जे झाले त्याची कल्पना राजाला वा लेखकाला असणे शक्य नव्हते. तीन मुद्द्यांमुळे तो पुढची तीन शतके न्यायालयात टिकला.

पहिला मुद्दा दत्तकाचा. पतीच्या अनुमतीवाचून स्त्रीने पुत्र देऊ वा घेऊ नये, असे वसिष्ठाचे वचन आहे. हेच एक वचन चार प्रांतांत चार तऱ्हांनी वाचले गेले. मिथिलेत त्याचा अर्थ असा झाला की पती वारल्यावर अनुमती मिळणे शक्य नाही, म्हणून विधवेला दत्तक घेताच येत नाही. बंगालमध्ये पतीने हयातीत दिलेला अधिकार पुरेसा ठरला. दक्षिणेत सपिंडांची संमती चालू लागली. नीलकंठभट्टांनी युक्तिवाद केला तो असा की, अनुमतीची अट सधवेसाठी आहे. पत्नी पतीच्या अधीन असते म्हणून ती अट आली. पतीच नसेल तर अट कोणाला लागणार? विधवेने वडिलांच्या, आणि ते नसल्यास ज्ञातींच्या संमतीने दत्तक घ्यावा, असे त्यांनी म्हटले. विवाहित आणि पुत्रवान पुरुषालाही दत्तक घेता येते, हे वडील शंकरभट्टांचे मतही त्यांनी त्याच प्रकरणात नोंदवले.

दुसरा मुद्दा बहिणीचा. निपुत्रिक भाऊ वारला तर त्याची मालमत्ता दूरच्या पुरुष भाऊबंदांकडे जावी की सख्ख्या बहिणीकडे? बहीण लग्नानंतर परगोत्रात जाते म्हणून तिला गोत्रज मानायचे नाही, ही रूढ समजूत. नीलकंठांनी शब्दाच्या अर्थालाच हात घातला. गोत्रज म्हणजे त्या गोत्रात जन्मलेली. बहीण भावाच्याच गोत्रात जन्मली आहे. म्हणून ती गोत्रज आहे. त्यांनी तिला आजीच्या पाठोपाठ वारसाचे स्थान दिले. अर्थात या क्रमात ते सर्वत्र स्त्रीच्या बाजूने उभे राहिले असे नाही. आई आणि वडील यांच्यात मिताक्षरेने आईला आधी ठेवले होते, नीलकंठांनी वडिलांना पुढे आणले.

तिसरा मुद्दा जमिनीचा. जिंकलेल्या राजाच्या खासगी घरादारावर आणि शेतीवर विजेत्याचा हक्क येतो. बाकी भूमीवर त्याला फक्त कर घेण्याचा अधिकार मिळतो आणि गावोगावच्या शेतांची मालकी ती धारण करणाऱ्यांचीच राहते, असे नीलकंठांनी स्पष्ट केले. राजा सगळ्या भूमीचा मालक आहे, हे मत त्यांना अमान्य होते. त्यामागे एक मोठा सिद्धांत होता, जो विज्ञानेश्वराच्या ‘मिताक्षरे’तही आढळतो: स्वत्व, म्हणजे मालकी, ही लौकिक गोष्ट आहे, ती केवळ शास्त्राने निर्माण होत नाही, लोकव्यवहारात ती आधीपासून असते. कायद्याने लोकव्यवहार ओळखायचा असतो, हे या सिद्धांतातून ओघानेच येते.

समाजाने उचललेला ग्रंथ

त्याच काळात ओर्छ्याच्या वीरसिंहदेवाच्या आश्रयाने मित्रमिश्रांनी ‘वीरमित्रोदय’ लिहिला. काशी आणि आसपासच्या प्रदेशात पुढे मिताक्षरेच्या जोडीला तोच ग्रंथ मान्य झाला. काशीत लिहिलेला मयूख काशीत दुय्यम राहिला आणि गुजरात, मुंबई, उत्तर कोकण व महाराष्ट्रात प्रमाण ठरला. याचे कारण ग्रंथाच्या गुणवत्तेत जेवढे आहे, त्याहून अधिक तो वापरणाऱ्या समाजाच्या गरजेत आहे.

मराठी सत्तेच्या विस्ताराबरोबर वतने, इनामे, सरंजाम आणि मोकासे यांचे जाळे पसरले. ही मिळकत घराण्याच्या नावाने चाले आणि घराण्याला पुरुष वारस लागे. मोहिमांत, साथीत, अकाली मृत्यूंत वारस नाहीसे होत. घराची आणि दौलतीची धुरा विधवेकडे येई. तिने दत्तक घ्यायचा नाही म्हटले तर वतन भाऊबंदांत फाटे किंवा सरकारजमा होई. सवाई माधवराव पेशवे वारल्यावर १७९६ मध्ये त्यांची विधवा यशोदाबाई हिच्या मांडीवर चिमाजी आप्पाला दत्तक देऊन पेशवाईची वस्त्रे देण्यात आली. ग्वाल्हेरला दौलतराव शिंद्यांच्या मृत्यूनंतर १८२७ मध्ये बायजाबाईंनी जनकोजीला, आणि १८४३ मध्ये जनकोजीच्या विधवेने जयाजीरावांना दत्तक घेतले. पेशवाई बुडाल्यावर चिमाजी आप्पा पेन्शनीवर काशीत येऊन राहिले. बायजाबाईंनी १८२८ मध्ये ज्ञानवापीच्या विहिरीभोवती स्तंभमंडप बांधला. दत्तकाने घडलेली ही मराठी घराणी आणि त्या दत्तकाचे शास्त्र, दोन्ही अखेर त्याच शहरात एकत्र आली.

सरदारघराण्यांपुरतीच ही गोष्ट नव्हती. पाटील, कुलकर्णी, देशमुख यांच्या वतनांनाही हेच लागू होते. विधवेचा दत्तक हा प्रघात समाजात रुजलेला होता; नीलकंठांच्या युक्तिवादाने त्याला शास्त्राची भाषा दिली. ज्या प्रांतात विधवेने दत्तक घेण्याची गरज एवढी तीव्र नव्हती, किंवा भाऊबंदांचा जोर अधिक होता, तेथे तोच युक्तिवाद पोथीत पडून राहिला.

पोथीचा कायदा झाला

१७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने वारसा, विवाह, जात अशा प्रश्नांत हिंदूंना त्यांचे शास्त्र लावण्याचे धोरण आखले. न्यायालयात पंडित नेमले गेले. १७९१ मध्ये बनारसचा रेसिडेंट जोनाथन डंकन याने तेथे संस्कृत पाठशाळा काढली; न्यायालयांना शास्त्री पुरवणे हा तिचा एक हेतू होता. हाच डंकन पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला. १८१० मध्ये कोलब्रुकने ‘मिताक्षरा’ आणि ‘दायभाग’ यांची इंग्रजी भाषांतरे प्रसिद्ध केली. १८२७ मध्ये हॅरी बोरोडेल याचे ‘व्यवहारमयूखा’चे भाषांतर सुरतेत छापले गेले.

याच १८२७ साली माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत मुंबई इलाख्याचे कायदे एकत्र झाले. त्यांतील चौथ्या रेग्युलेशनच्या सव्विसाव्या कलमाने न्यायाधीशाला एक क्रम घालून दिला. आधी सरकारी कायदा, तो नसेल तर त्या प्रदेशाची वहिवाट, तीही नसेल तर प्रतिवादीचा धर्मकायदा आणि अखेर न्याय व सद्सद्विवेक. बंगालने पोथीला पहिला मान दिला होता. मुंबईने वहिवाटीला दिला. त्याच वर्षी आर्थर स्टील याचे दख्खनमधील जातींच्या रूढींचे संकलन बाहेर आले. पुढे १८६७ पासून वेस्ट आणि ब्यूलर यांनी न्यायालयातील शास्त्र्यांच्या व्यवस्थांचा संग्रह प्रसिद्ध केला. मुंबई इलाख्याचा हिंदू कायदा असा ग्रंथ आणि वहिवाट या दोन चाकांवर चालला.

त्याचे परिणाम निकालांत दिसतात. बहिणीला वारस मानण्याचा मयूखाचा निर्णय १८६१ मध्ये मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयाने आणि १८६४ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने मान्य केला. दत्तकाच्या बाबतीत १८६८ मध्ये मुंबई उच्च न्यायालय नीलकंठांच्याही पुढे गेले. राखमाबाई विरुद्ध राधाबाई या खटल्यात ठरले की मराठी मुलखात विधवेला दत्तक घेण्यासाठी पतीची अनुमती लागत नाही आणि भाऊबंदांची संमतीही लागत नाही. तिने धर्मकर्तव्य म्हणून, प्रामाणिकपणे तो घेतलेला असला की झाले. नीलकंठांनी ठेवलेली ज्ञातींच्या संमतीची अट वहिवाटीने केव्हाच मागे टाकली होती आणि न्यायालयाने ते नोंदवले. त्याच वर्षी रामनाडच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने, स्पष्ट सिद्ध झालेली वहिवाट ग्रंथवचनापेक्षा वरचढ ठरते, असा सर्व हिंदुस्थानला लागू होणारा नियम घालून दिला. एकत्र कुटुंबातील विधवेलाही हा अधिकार आहे, हे १९२१ मध्ये यादव विरुद्ध नामदेव या निकालाने पक्के झाले.

यातली विसंगतीही लक्षात घ्यावी लागते. याच्या अवघ्या चौदा वर्षे आधी, १८५४ मध्ये, नागपूरचे राज्य खालसा करताना भोसल्यांच्या विधवा राण्यांनी घेतलेल्या दत्तकाला कंपनीने दाद दिली नव्हती. झाशीला तर पती हयात असताना झालेला दत्तक नाकारला गेला. कुळकर्ण्याच्या विधवेला जो हक्क न्यायालयात मिळाला, तो राज्याच्या विधवेला कंपनीच्या दरबारात मिळाला नाही. कायद्याचा अर्थ ठरतो तो सत्तेचा हितसंबंध कुठे आहे यावर, हे त्या दशकाने पुरेपूर दाखवले.

मर्यादेची दुसरी बाजू

मयूखाचा हा प्रवास केवळ प्रगतीची कहाणी म्हणून सांगता येणार नाही. नीलकंठभट्ट हे त्यांच्या काळाच्या वर्णव्यवस्थेच्या चौकटीतच लिहीत होते. शिक्षा, साक्ष, दिव्य यांतला वर्णभेद त्यांच्या ग्रंथात आहे. दिव्यावर त्यांनी पानेच्या पाने लिहिली. पुढे पुराव्याचा आधुनिक कायदा आला आणि तो सारा भाग कालबाह्य झाला.

मोठा धोका निर्माण झाला तो ग्रंथ छापून त्याला संहितेचे रूप आल्यावर. १८६४ मध्ये न्यायालयातील पंडितांची पदे रद्द झाली. इंग्रजी भाषांतर आणि आधीचे निकाल एवढेच न्यायाधीशासमोर उरले. ब्राह्मणी ग्रंथांतील नियम सर्व जातींना लागू करण्याची प्रवृत्ती वाढली. १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्याने पुनर्विवाहित स्त्रीचा पहिल्या पतीच्या मालमत्तेवरील हक्क संपवला होता. ज्या जातींत पाट लावण्याची चाल पूर्वापार होती, त्यांनाही हे कलम लागू करायचे का, हा प्रश्न उभा राहिला. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १८८९ मध्ये नाही असे उत्तर दिले. वहिवाटीचा एवढा मान राखणाऱ्या मुंबईने १८९६ मध्ये पूर्ण पीठाच्या निर्णयाने होय म्हटले. काशीकडची पाट लावणारी विधवा आपले शेत राखू शकली. महाराष्ट्रातली तशीच विधवा ते गमावून बसली. दत्तकाच्या वेळी वहिवाटीने स्त्रीला हात दिला, पुनर्विवाहाच्या वेळी न्यायालयाने वहिवाटीकडे पाठ फिरवली. कोणाची वहिवाट ऐकली जाते हे तिची बाजू मांडणारा वर्ग कोण यावर अवलंबून असते, एवढे यावरून स्पष्ट व्हावे.

याची जाणीव असलेले मराठी कायदेपंडितही होते. विश्वनाथ नारायण मंडलिक हे सरकारी वकील आणि पुढे व्हाइसरॉयच्या कायदेमंडळाचे सभासद. त्यांनी १८८० मध्ये मयूखाचे नवे भाषांतर काढले आणि त्याला रूढींविषयी विस्तृत पुरवण्या जोडल्या. पांडुरंग वामन काणे यांनी १९२६ मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेतर्फे चिकित्सक आवृत्ती प्रसिद्ध केली; भट्ट घराण्याचा जो सुसंगत इतिहास आज हाताशी आहे, तो मुख्यतः त्यांच्या प्रस्तावनेमुळे. उच्च न्यायालयात वकिली करणारे काणे पुढे राज्यसभेत नामनियुक्त झाले आणि १९६३ मध्ये भारतरत्न ठरले.

दिल्लीतील विधेयके

विसाव्या शतकात कायद्याचे केंद्र न्यायालयाकडून विधिमंडळाकडे सरकले. १९२९ च्या वारसा दुरुस्ती कायद्याने मुलाची मुलगी, मुलीची मुलगी, बहीण आणि बहिणीचा मुलगा यांना आजोबांनंतर वारस मानले. पश्चिम भारतात मयूखाने बहिणीला जे स्थान दिले होते, त्याचा काही अंश आता मिताक्षरा लागू असलेल्या साऱ्या मुलखाला मिळाला. मुंबईचे डॉ. गोपाळराव देशमुख यांच्या पुढाकाराने १९३७ मध्ये विधवेला पतीच्या मिळकतीत मर्यादित वाटा देणारा कायदा झाला. त्यानंतर बी. एन. राव समिती, हिंदू कोड बिल आणि सप्टेंबर १९५१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा राजीनामा हा इतिहास परिचित आहे. संहितेला झालेल्या विरोधात शास्त्राचा हवाला वारंवार दिला गेला. ते शास्त्र प्रांताप्रांतांत वेगळे होते आणि काळाच्या गरजेनुसार वाचले गेले होते, हे मयूखाच्या इतिहासाने आधीच सिद्ध केले होते.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने जुने ग्रंथ आणि रूढी या दोन्हींचा अंमल, त्या कायद्यात आलेल्या विषयांपुरता, संपवला. आई पहिल्या वर्गात आली, वडील दुसऱ्या वर्गात गेले. नीलकंठांचा क्रम उलटला. बहीण दुसऱ्या वर्गात राहिली. त्याच वर्षीच्या दत्तक कायद्याने विधवेला स्वतःसाठी, स्वतःच्या नावाने दत्तक घेण्याचा अधिकार दिला. मृत पतीच्या वंशासाठी ही कल्पना त्यात उरली नाही. १९९४ मध्ये महाराष्ट्राने मुलींना जन्मसिद्ध सहदायाद केले. ९ सप्टेंबर २००५ पासून तो नियम देशभर आला आणि शेतजमिनीला वाट देणारी पळवाटही त्याच दुरुस्तीने बुजवण्यात आली. २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, वडील त्या दिवशी हयात होते की नाही हा प्रश्न गैरलागू ठरवला.

तरीही जुना धागा पूर्ण तुटलेला नाही. दत्तक जाणारे मूल पंधरा वर्षांखालील आणि अविवाहित असावे, अशी अट १९५६ च्या कायद्यात आहे. पण वहिवाट वेगळी असल्यास ती लागू होत नाही. महाराष्ट्रात प्रौढ आणि विवाहित पुरुषाला दत्तक घेतल्याचे खटले त्यामुळे चालूच राहिले. १९९१ मध्ये धनगर समाजातील अशाच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की जुन्या मुंबई इलाख्यात कोणत्याही वयाच्या व्यक्तीला दत्तक घेण्याची चाल न्यायालयांनी केव्हाच मान्य केली आहे. ती पुन्हा सिद्ध करण्याची गरज नाही. शंकरभट्टांचे मत, मुलाने केलेली त्याची नोंद, मुंबईचे निकाल आणि दिल्लीतले सर्वोच्च न्यायालय अशी ही साखळी आहे. काशीच्या पंडितांनी ज्यांचा विचारही फारसा केला नसेल अशा समाजाच्या उपयोगी ती पडली.

आजचा प्रश्न

उत्तराखंडचा समान नागरी कायदा २७ जानेवारी २०२५ पासून अमलात आला. अन्य राज्ये आणि केंद्र यांच्यासमोरही हा विषय आहे. प्रांत बदलला तरी कायदा बदलत नाही, हे स्थलांतरितांचे जुने गृहीतक अशा वेळी उलटते. दुर्गाघाटावरचे कुटुंब मराठी आहे म्हणून त्याला मराठी कायदा, ही कल्पना १९५६ नंतर दत्तकाच्या कोपऱ्यापुरती उरली होती. राज्यवार संहिता आल्यास नोकरीनिमित्त गाव सोडणाऱ्या माणसाचा वारसा तो कोठे राहतो यावर ठरू लागेल. राजधानीत आणि बदलीच्या गावी आयुष्य काढणाऱ्या मराठी कुटुंबांनी या बदलाकडे बारकाईने पाहायला हवे.

निपुत्रिक विधवेने स्वकष्टाने कमावलेली मिळकत, मृत्युपत्र नसेल तर, आईवडिलांच्या आधी पतीच्या वारसांकडे जावी, असे १९५६ च्या कायद्याचे पंधरावे कलम सांगते. ते लिहिले गेले तेव्हा पगारदार विधवा अपवाद होती. आता ती अपवाद राहिलेली नाही. वसिष्ठाच्या वचनासमोर नीलकंठभट्टांनी एक साधा प्रश्न ठेवला होता: ही अट कोणासाठी होती आणि ते कारण उरले आहे का? हे कलम बदलण्याचा विचार ज्यांच्या टेबलावर येईल, त्यांनाही हाच प्रश्न विचारावा लागेल.

नीलकंठांचा मुलगा शंकर, पुतण्या सिद्धेश्वर आणि मुलीचा मुलगा दिवाकर काळे या तिघांनीही सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात धर्मशास्त्रावर ग्रंथ लिहिले. त्यांपैकी एकही न्यायालयापर्यंत पोहोचला नाही. लेखक त्याच घरातले होते आणि विद्याही तीच होती. मात्र त्या ग्रंथांत एखाद्या समाजाला आपल्या अडचणीचे उत्तर सापडले नाही.